रवाकामाची कानातली : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

बावीस कॅरेट सोन्यातली, रवाकामाची (म्हणजे सोन्याचे बारीक गोल रवे पत्र्यावर बसवून नक्षी केलेली) कानातल्यांची जोडी करायला घेतली. आधार प्राचीन एट्रस्कन लोकांच्या ‘आ बाउलेत्तो’ कानातल्यांचा. इटलीत इ.स.पूर्व सहाव्या शतकात ही कानातली घालत. लांबट चौकोनी पत्रा वळवून केलेलं पोकळ नळकांडं, त्याची दोन टोकं जोडणारी कानातली तार, आणि समोरच्या अंगावर रवे, पीळदार तारा, ठशाने उठवलेली फुलं. जुन्या जोड्यांत हे समोरचं अंग बहुधा खच्चून भरलेलं असतं. मी ते मोकळं ठेवणार आहे. दोन्ही कडांना पीळदार तार, तिला लागून रव्यांचे त्रिकोण, मधला पत्रा कोरा. रव्यावर उजेड चमकायला शेजारी सपाट सोनं असलं की तो जास्त खुलतो, असं माझं मत आहे आणि या जोडीत ते तपासून बघायचं आहे.

नोंदी पहिल्यांदाच रवाकाम करून बघणाऱ्यांसाठी ठेवते आहे. कसोटी एकच ठरवली आहे: रवा पत्र्याला फक्त टिंबाएवढ्या जागेत चिकटलेला असावा. भिंगाखाली बघितलं तर दोन रव्यांच्या मधे आणि रव्याच्या पोटाखाली सावली दिसली पाहिजे. ती सावली बुजली की रवा गोल राहत नाही, पत्र्यावरचा फुगवटा होतो. सोल्डर, म्हणजे जोडासाठी वितळवतात तो धातू, पसरून नेमकी हीच सावली बुजवतं, म्हणून रवे बसवायला ते अजिबात वापरायचं नाही.

१५ जानेवारी

सोनं गाळलं. मिश्रणात चांदी आणि थोडं तांबं, बाकी काही नाही. तयार मिश्रधातू घेणार असाल तर त्यात जस्त नाही ना, हे आधी विचारा. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि रवाकाम त्याच्याच आसपासच्या तापमानाला होतं. ओतकामासाठी बनवलेल्या मिश्रणांत ते बऱ्याचदा असतं.

कांडी ओतली, रोलरमधून काढली, अधूनमधून तापवून मऊ केली. पत्रा ०.३ मिलिमीटर, रव्यांसाठी तार ०.३ मिलिमीटर. यात सांगण्यासारखं विशेष काही घडलं नाही.

१९ जानेवारी

रवे पाडले. तत्त्व सोपं आहे: सोन्याचा बारीक तुकडा वितळला की पृष्ठताणामुळे आपोआप गोळी होते. गोळी केवढी होणार, हे तारेच्या जाडीवर आणि तुकड्याच्या लांबीवर ठरतं, म्हणून आधी हिशोब करा. ०.३ मिलिमीटरच्या तारेचा तेवढ्याच लांबीचा तुकडा वितळला तर साधारण ०.३४ मिलिमीटरचा रवा मिळतो. मला ०.५ मिलिमीटरचे रवे हवे आहेत, त्यासाठी तुकडा ०.९३ मिलिमीटरचा लागतो. अर्ध्या मिलिमीटरचा बावीस कॅरेटचा एक रवा जवळपास १.१६ मिलिग्रॅमचा भरतो, म्हणजे ग्रॅमभर सोन्यात साडेआठशेच्या वर रवे. जोडीला ३२० लागतील: दर त्रिकोणात दहा, दर कानातल्यावर सोळा त्रिकोण. तरीही पूर्ण ग्रॅमभराचे पाडले. का, ते उद्याच्या नोंदीत.

मुशीत तळाला लाकडी कोळशाची मैद्यासारखी बारीक पूड, तिच्यावर तुकडे एकमेकांना न लागतील असे पसरायचे, पुन्हा पूड, पुन्हा तुकडे. वर झाकण. पहिली मूस बाहेर काढली तेव्हा निम्म्याहून जास्त रवे दोन-दोन, तीन-तीन एकत्र वितळलेले होते. कारण दुसऱ्या थरावरची पूड पातळ पसरली होती आणि पहिला थर मी दाबला नव्हता. तापल्यावर पूड खचली आणि तुकडे खाली घसरले. दुसऱ्या मुशीत प्रत्येक थर चमच्याच्या पाठीने दाबून घेतला आणि दोन थरांमधे बोटाच्या पेराएवढी पूड ठेवली. एकत्र झालेले रवे अगदी मोजके निघाले. कोळशाची पूड उडते, नाकाला मास्क लावूनच काम करा.

मूस थंड झाल्यावर साबणाच्या पाण्यात रिकामी करायची. पूड वर तरंगते, रवे तळाशी बसतात. त्यानंतर सौम्य आम्लात एक धुणं. ते केलं नाही तर कोळशाच्या राखेचा करडा थर रव्यावर राहतो आणि पुढे तिथे जोड धरत नाही.

२० जानेवारी

दिवसभर निवड. या कामाला लागणारा वेळ कुणीच धरत नाही, मीही धरला नव्हता.

आधी चाळण्या. एकाच तारेचे एकाच मापाने कापलेले तुकडे असूनही रवे सारखे निघत नाहीत, कारण कापताना पातं थोडं हलतं. त्रिकोणाच्या रांगेत एक रवा जरा जरी मोठा बसला तरी तिथून पुढे सगळी रांग तिरकी होते. चाळणीनंतर काच: काचेचा तुकडा किंचित तिरका धरायचा आणि वरून रवे सोडायचे. गोल रवा सरळ घरंगळतो. एका बाजूला चपटा झालेला वाट सोडून बाजूला जातो किंवा अडकतो. या दोन्ही चाचण्यांतून निम्मे रवे पास झाले. बाकीचे पुढच्या वेळी पुन्हा वितळवायला ठेवले.

एट्रस्कन कारागिरांचं काम या टप्प्यावर हात गुंतलेला असताना आठवत राहतं. इटलीतल्या व्हेतुलोनियाच्या इ.स.पूर्व सातव्या शतकातल्या दागिन्यांवर ०.२ मिलिमीटरपेक्षाही लहान रवे आहेत, इतके लहान की वेगवेगळे न दिसता सोन्यावर मखमली पट्टा उमटल्यासारखा दिसतो. ते भिंगाशिवाय निवडले असतील तर ती नजर आणि तो संयम काय असेल! माझे रवे त्यांच्या अडीचपटीहून मोठे आहेत आणि मला भिंगाशिवाय एकही ओळखू येत नाही.

२४ जानेवारी

चिकटवायचं मिश्रण. तांब्याचं बेसिक कार्बोनेट, म्हणजे मॅलाकाइट या हिरव्या खनिजात असतं तेच, खलात एकदम बारीक वाटलं आणि पातळ सरसात कालवलं. सोबत ट्रॅगाकांथ डिंकाचं दुसरं मिश्रण केलं, दोन्ही तपासायला.

ही रीत आधुनिक काळात पुन्हा पक्की केली ती इंग्लंडच्या लिटलडेल यांनी, १९३०च्या दशकात. जर्मनीत एलिझाबेथ ट्रेस्को त्याच सुमारास वेगळ्या वाटेने रवाकामापर्यंत पोचल्या होत्या. इ.स. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने सोनं जोडायला हिरवं तांब्याचं द्रव्य वापरत असल्याचं लिहून ठेवलं आहे, म्हणजे वाट फार जुनी आहे. घडतं असं: तापवल्यावर तांब्याच्या क्षाराचं काळं ऑक्साइड होतं, सरस जळून त्याचा कार्बन होतो, तो कार्बन ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि शुद्ध तांब्याचा अतिशय पातळ थर उरतो. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला, पण वजनाने ऐंशी टक्के सोनं आणि वीस टक्के तांबं अशा मिश्रणाला ९१० अंश पुरतात. त्यामुळे रवा जिथे पत्र्याला टेकतो तेवढीच जागा क्षणभर पातळ होते आणि बाकी सगळं घट्ट राहतं.

सरसाचं मिश्रण मला बरं वाटलं. डिंकाचं फेसाळलं आणि फुगताना रवे उचलून बाजूला सारले. डिंक जास्त घट्ट असल्याने तसं झालं असावं, पण पातळ करून पुन्हा बघितलं नाही, सरसावरच थांबले.

२६ जानेवारी

चाचणीच्या पट्ट्या. पहिल्या पट्टीवर रवे सुंदर बसलेले दिसले. थंड झाल्यावर ब्रश फिरवला आणि सगळे गळून पडले. पत्र्यावर काळे ठिपके. ज्योत फार तीक्ष्ण होती, हवा जास्त. कार्बनने ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घ्यायच्या आत हवेनेच तो जाळून टाकला, तांबं ऑक्साइडच राहिलं आणि जोड झालाच नाही. यावर सवागी (बोरॅक्स) लावून भागेल असं वाटू शकतं. मी थोडी लावून बघितली: सवागी वितळताना उकळते आणि रवे तरंगायला लागतात.

दुसऱ्या पट्टीला हवा कमी, गॅस जास्त, पिवळसर मऊ ज्योत. या वेळी जोड झाला, पण एका कोपऱ्यात पत्राच वितळून त्याला सुरकुत्या पडल्या. ०.३ मिलिमीटरचा पत्रा रव्यांच्या आधी तापतो. वरून ज्योत मारली तर पातळ भाग पुढे पळतो, जाड भाग मागे राहतो.

यावर उपाय म्हणून स्टीलच्या जाळीवर पट्टी ठेवून खालून दुसरी ज्योत लावली. खालच्या ज्योतीने पट्टी मंद लाल होईपर्यंत नेली, मग वरून मऊ ज्योत सतत फिरवत शेवटचं तापमान दिलं. खोलीतले दिवे बंद केले. अंधारात रंग समजतो, उजेडात समजत नाही. उजेडात जे ‘अजून वेळ आहे’ वाटतं ते अंधारात नारिंगी झालेलं असतं. जोड होताना पृष्ठभागावरून एक ओली चमक सरकत जाते. ती रव्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. मोजून दोन सेकंद थांबलं तरी रव्यांचे पाय पसरतात.

ही चमक ओळखायला शिकणं म्हणजेच हे काम शिकणं आहे, असं मला वाटतं. चाचणीच्या पट्ट्यांवर सोनं खर्च होतं म्हणून त्या टाळू नका. ते सोनं परत वितळवता येतं. बिघडलेला दागिना तसा सुटत नाही. फक्त एक काळजी: या पट्ट्यांमध्ये तांबं मिसळलेलं आहे. चांगल्या बावीस कॅरेटच्या भंगारात त्या टाकल्या तर पुढच्या कांडीचा कस घसरेल. वेगळी डबी ठेवा, नंतर शुद्धीकरणाला द्या.

३० जानेवारी

पीळदार तारा कडांना बसवल्या. हे मात्र पत्रा सपाट असतानाच, त्याच हिरव्या मिश्रणाने. तार आणि पत्रा नंतर मिळून वळतात, काही तुटत नाही. रवे सपाट असताना बसवून मग वळवले तर रव्यांचे बारीक पाय ताणले जातात आणि बाहेरच्या रांगेतले निसटतात. चाचणी पट्टी वळवून हे आधीच कळलं होतं.

पत्रा लाकडी दांड्यावर घेऊन नायलॉनच्या हातोडीने वळवला.

२ फेब्रुवारी

पहिल्या कानातल्यावर रवे लावले आणि बहुतेक सगळे टोकांकडे घसरले.

बारीक ब्रशने एकेक रवा लावायचा, भिंगाखाली, सरस ओला असताना. पूर्ण वाळेपर्यंत थांबले. ज्योत दिल्यावर सरस जळून गेला आणि जोड होण्याआधीच्या टप्प्यात रव्याला धरून ठेवायला फक्त कार्बनचा कोरडा थर होता. माथ्यावरचे त्रिकोण जागेवर राहिले. उतरणीवरचे, जिथे पत्रा खाली वळतो तिथले, ज्योतीच्या झोताने हलले आणि घरंगळून गेले. काही अर्ध्या वाटेत पत्र्यावर कुठेही चिकटले. ते कानशीने काढता काढता कोऱ्या पत्र्यावर ओरखडे पडले, आणि हा पत्रा कोराच राहायला हवा होता. त्या कानातल्याचा पत्रा बाद केला, तारा काढून घेतल्या नाहीत, सगळं भंगारात.

रात्री सोल्डरचा मोह फार झाला. पत्र्यावर सोल्डरचा पातळ थर वितळवून त्यात रवे बसवले तर उतरणीवरही घट्ट राहतील. १८३६ साली इटलीतल्या चेर्वेतेरीची रेगोलिनी-गालास्सी ही एट्रस्कन कबर उघडून तिच्यातलं रवाकाम समोर आल्यावर रोममधल्या कास्तेल्लानी या सोनार कुटुंबाने हेच कोडं सोडवायचा वर्षानुवर्षं प्रयत्न केला. त्यांनी सोल्डर कानसून अतिशय बारीक केलं, सवागीऐवजी आर्सेनेट वापरले, आणि जे काम झालं ते अप्रतिम आहे. (आर्सेनेट आज कुणीही घरच्या कारखान्यात वापरू नयेत, हे स्पष्ट लिहून ठेवते.) तरी त्यांचं काम आणि इ.स.पूर्व सातव्या शतकातलं काम शेजारी ठेवून छायाचित्रं मोठी करून बघा: जुन्या रव्याच्या पोटाखाली अंधार आहे. तेवढ्यासाठीच हे सगळं चाललं आहे, म्हणून सोल्डरची डबी कपाटात ठेवली.

५ फेब्रुवारी

नवीन पत्रा आणि दोन बदल.

एक, रचना बदलली. वळणाच्या दोन्ही टोकांना, जिथे रव्यांची रांग संपते, तिथे आडवी पीळदार तार टाकली. सपाट असतानाच. आता उतरणीवरचा शेवटचा रवा तिच्यावर टेकतो, त्याच्यावरचा त्याच्यावर, आणि रांग स्वतःला धरून ठेवते. दिसायलाही चांगलं झालं, कारण आधी त्रिकोण कुठेतरी मधेच संपल्यासारखे वाटत होते. जुन्या बाउलेत्तोंवर समोरचं अंग चौकटींत विभागलेलं का असतं, याला सजावटीपलीकडे कारागिराची गरजही असणार, असं मला आता वाटतं.

दोन, एकाच वेळी सगळं भाजायचं नाही. कोळशाच्या ठोकळ्यात नळकांड्याच्या मापाची खाच कोरली म्हणजे ते फिरवून हवं त्या कोनात पक्कं बसतं. जो भाग भाजायचा तो वर, जवळपास आडवा. मधला भाग, मग डावा उतार, मग उजवा. पहिल्या भागाचे जोड दुसऱ्या वेळी सुटतील ही भीती होती. सुटत नाहीत. जोड होताना तांबं रव्यात आणि पत्र्यात खोल शिरतं, तिथलं प्रमाण पातळ होतं आणि त्या जागेचं वितळणबिंदू वर जातं. दुसऱ्या भाजणीत त्याच तापमानाला तो जोड पुन्हा ओला होत नाही. सोल्डरने केलेल्या कामाला ही सवलत नसते.

एका भाजणीनंतर ब्रशने घासायचं आणि गळालेल्या जागा पुन्हा भरायच्या. आज दोन रवे गळाले. दोन्ही जागी पत्रा बोटाने तेलकट झाला होता. वळवल्यानंतर पत्र्याला हात लावू नका, चिमट्याने धरा.

११ फेब्रुवारी

दुसरं कानातलंही भाजून झालं. पहिल्यापेक्षा लवकर, आणि एकही रवा बदलावा लागला नाही. पहिल्या कानातल्याच्या डाव्या उतारावर तीन रव्यांचे पाय थोडे पसरले आहेत, तिथे ज्योत किंचित उशिरा हटली. भिंगाखाली फरक दिसतो. तसेच ठेवते, कारण ते काढायला गेले तर पत्रा खराब होईल.

१४ फेब्रुवारी

कानातली तार आणि बिजागरी बसवायची. हे सोल्डरनेच, बावीस कॅरेटच्या सोल्डरने, कारण बिजागरीला ताण येतो. धोका असा की सोल्डर एकदा पातळ झालं की अरुंद फटीत केशाकर्षणाने ओढलं जातं, आणि रव्यांच्या फटींइतकी अरुंद फट या दागिन्यात दुसरी नाही. एका चाचणी तुकड्यावर ते झालंच: बिजागरीचं सोल्डर चार मिलिमीटर पळून एका त्रिकोणात शिरलं आणि दहा रव्यांचा एक सपाट ढीग झाला.

गेरू पाण्यात दाट कालवून बिजागरी आणि पहिली तार यांच्या मधे जाड पट्टा ओढला. गेरूवर सोल्डर पळत नाही. फक्त पट्टा ओढताना गेरू जोडाच्या जागी जाऊ देऊ नका, तिथेही सोल्डर धरणार नाही. रव्यांवर चुकून गेला तर ओल्या ब्रशने आधीच पुसून घ्या. सोल्डरचे तुकडे मोठे ठेवू नका. मी टाचणीच्या डोक्याहून लहान दोन तुकडे वापरले आणि ज्योत बिजागरीच्या मागून दिली, म्हणजे सोल्डर उष्णतेकडे, रव्यांपासून लांब ओढलं गेलं.

१५ फेब्रुवारी

आम्लात टाकलं आणि एक कानातलं गुलाबी होऊन बाहेर आलं. आम्लाच्या भांड्यात स्टीलचा चिमटा गेला होता. आम्लात विरघळलेलं तांबं स्टील आत आलं की सोन्यावर बसतं. ताजं आम्ल करून, त्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून धुतलं, रंग गेला. चिमटा तांब्याचा, बांबूचा किंवा प्लास्टिकचा घ्या.

झिलईला पॉलिशच्या चाकाजवळही जाऊ नका. चाक रव्यांचे माथे सपाट करतं आणि पॉलिशचं मेण फटींत अडकून बसतं, मग सावलीच्या जागी काळी घाण. साबणाच्या पाण्यात पितळी तारांचा मऊ ब्रश, एवढंच. मधला कोरा पत्रा अकीकाच्या घोट्याने हळू घोटला, तारांपर्यंत जाऊन थांबले. घोटलेल्या आणि न घोटलेल्या सोन्याचा रंग वेगळा दिसतो, घोटलेलं गडद. त्यामुळे त्रिकोण त्याच्याशेजारी फिके, दाणेदार दिसतात. १२ जानेवारीला जे तपासायचं ठरवलं होतं त्याचं उत्तर मिळालं आणि ते मला मान्य आहे: मोकळा पत्रा या कामाला शोभतो.

१६ फेब्रुवारी

वजनं. पहिलं कानातलं ४.१ ग्रॅम, दुसरं ४.० ग्रॅम. बाद झालेला पत्रा, चाचणीच्या पट्ट्या आणि निवडीत नाकारलेले रवे मिळून दागिन्यांएवढंच सोनं भंगाराच्या डबीत आहे. कानसकाम आणि कोळशात हरवलेली घट एक ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाहून कमी आली. टेबलावर कातडं पसरून काम केलं आणि कोळशाची पूड फेकली नाही, म्हणून ती एवढ्यावर राहिली. जुनी पूड साठवून शुद्धीकरणाला द्या.

पुढच्या जोडीत करणार ते असं: बिजागरीची जागा पत्रा कापतानाच ठरवून ती रव्यांपासून दुप्पट लांब ठेवणार, ०.३४ मिलिमीटरचे रवे पाडून त्रिकोणाला दहाऐवजी पंधरा रवे देणार. आणि तेवढ्या लहान रव्यांना ज्योतीचा झोत आणखी हलवेल म्हणून ग्रॅफाइटच्या झाकणबंद पेटीत, छोट्या विजेच्या भट्टीत भाजून बघणार. भट्टीत ती ओली चमक डोळ्यांना दिसणार नाही, म्हणून तापमापक आणि चाचणीच्या पट्ट्या यांच्यावर भिस्त. पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.